मुदत कुणाला आणि नारळ कुणाला?

कारखान्यात नवा माणूस लागला की आधी त्याला काही महिने उमेदवारीवर ठेवतात. मुदत ठरलेली असते. ती संपली की काम जमते की नाही हे पाहून त्याला कायम करायचे की घरी पाठवायचे, ते ठरते. ही रीत आमच्या वाचकांना नवी नाही. पण समजा, एकाच खात्यात पाठोपाठ दोघे लागले. दोघांचे काम तोलून पाहिले तर काटा कुठेच झुकत नाही. तरीही एकाला पाच वर्षे मिळाली आणि दुसऱ्याच्या हाती तिसऱ्याच वर्षी नारळ दिला गेला, तर त्याला काय म्हणावे?

हा प्रश्न आम्हाला सुचला तो एका खेळाच्या निमित्ताने. खेळ अमेरिकेतला आहे आणि माणसेही तिकडचीच आहेत. पण अपयशी ठरू लागलेल्या माणसाला आणखी वेळ द्यावा की नाही, हा पेच जगात कुठेही सारखाच असतो. तिकडे दर वर्षी थंडीच्या तोंडावर कॉलेजच्या फुटबॉल प्रशिक्षकांवरून असे वाद पेटतात. त्यातली दोन-चार खरी उदाहरणे आज वाचकांपुढे मांडतो.

हा फुटबॉल निराळा

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की गोल चेंडू आणि लाथ. अमेरिकेतला फुटबॉल तसा नाही. चेंडू अंड्याच्या आकाराचा असतो. तो हातात धरून धावायचे किंवा साथीदाराकडे फेकायचे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू समोरच्या संघाला मिळतो. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर जाड गाद्या आणि अंगावर अंग आदळणारी झुंज, असा हा प्रकार.

तिकडच्या कॉलेजांचा हा खेळ म्हणजे आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हेत. शनिवारी सामना असला की सत्तर-ऐंशी हजार, कुठे लाखभर लोक मैदानात बसतात. दूरचित्रवाणीचा पैसा येतो, माजी विद्यार्थी देणग्या देतात. कित्येक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सर्वांत मोठा आकडा राज्यपालांचा नसतो, सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाचा असतो. आणि सामने किती? नेहमीच्या हंगामात साधारण बाराच. एक हरला तरी गावभर चर्चा, चार हरले की प्रशिक्षकाला काढा म्हणून आरडाओरड.

वेळ लागतो, तो का?

प्रशिक्षक नवा आला तरी संघ जुनाच असतो. खेळाडू हे विद्यार्थी असतात. त्यांना शाळेतून हेरून, घरी जाऊन आई-वडिलांना भेटून, शिष्यवृत्ती देऊन आणावे लागते. खेळाडूला चार हंगाम खेळता येते, तेही साधारण पाच वर्षांच्या आत. म्हणजे नव्या प्रशिक्षकाने पहिल्या वर्षी निवडलेली मुले चौथ्या वर्षी पक्की होतात. तोवर तो आधीच्या माणसाने निवडलेल्या पोरांवरच सामने लढवत असतो.

शेतीच्या भाषेत सांगायचे तर पेरणी एकाची आणि कापणी दुसऱ्याची. पहिल्या दोन वर्षांचे यश पूर्णपणे त्याचे नसते आणि पहिल्या दोन वर्षांचे अपयशही पूर्णपणे त्याचे नसते. म्हणून जुन्या वळणाच्या विद्यापीठांत एक अलिखित संकेत होता, की प्रशिक्षकाला पाच वर्षे द्यावीत आणि मग हिशेब करावा.

थांबले, म्हणून फळ आले

व्हर्जिनिया टेक नावाच्या विद्यापीठाची गोष्ट घ्या. तेथे १९८७च्या हंगामापासून फ्रँक बीमर हे प्रशिक्षक झाले. ते त्याच विद्यापीठाचे माजी खेळाडू. लहानपणी आगीत भाजल्याचे व्रण त्यांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर होते. ते आले तेव्हा आधीच्या काळातील नियमभंगाबद्दल विद्यापीठाला शिक्षा झालेली होती आणि शिष्यवृत्त्यांची संख्या घटवण्यात आली होती. म्हणजे हात बांधूनच मैदानात उतरायचे होते.

पहिल्या वर्षी २ विजय, ९ पराभव. दुसऱ्या वर्षी ३ विजय, ८ पराभव. मधली तीन वर्षे बरी-वाईट गेली. आणि सहाव्या वर्षी, १९९२ साली, पुन्हा गाडी घसरली: २ विजय, ८ पराभव, एक सामना बरोबरीत. सहा वर्षांची बेरीज २४ विजय, ४० पराभव आणि २ बरोबरी. एवढा हिशेब पाहून कोणता मालक माणूस ठेवील?

विद्यापीठाने ठेवला. पण नुसता ठेवला नाही. बीमर यांनी आपल्या हाताखालच्या सहप्रशिक्षकांत बदल केले आणि खेळाची पद्धत सुधारली. पुढच्याच वर्षी, १९९३ साली, संघाने ९ सामने जिंकले. त्या वर्षापासून सलग २३ वर्षे त्यांचा संघ हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यांना पात्र ठरत गेला. १९९९चा हंगाम तर असा गेला की एकही सामना न हरता ते राष्ट्रीय विजेतेपदाच्या लढतीपर्यंत पोहोचले. तेथे मात्र ते फ्लोरिडा स्टेटकडून हरले. २०१५ साली बीमर निवृत्त झाले तेव्हा त्या विद्यापीठात त्यांच्या नावावर २३८ विजय होते.

हे उदाहरण तिकडे नेहमी दिले जाते. ‘बीमरना थांबवून घेतले तसे आमच्या प्रशिक्षकालाही थांबवून घ्या’ असे लोक म्हणतात. म्हणणे चुकीचे नाही. पण हा धीर सर्वांच्याच वाट्याला येतो का? येथून पुढची गोष्ट आमच्या काळजाला भिडणारी आहे.

अर्ध्या ताटावरून उठवले

इंडियाना राज्यात साऊथ बेंड या गावी नोटर डेम नावाचे कॅथलिक विद्यापीठ आहे. फुटबॉलच्या जगात या नावाला मोठा मान. २००१च्या डिसेंबरात तेथे जॉर्ज ओलिअरी नावाचे नवे प्रशिक्षक नेमले गेले आणि पाचच दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांनी आपल्या माहितीपत्रकात नसलेली पदवी लिहिली होती. ती लाज झाकली जावी म्हणून विद्यापीठाला तातडीने एक चोख माणूस हवा होता. त्यांनी निवडले टायरोन विलिंगहॅम यांना.

विलिंगहॅम कृष्णवर्णीय. ते उत्तर कॅरोलिना राज्यात वाढले. मिशिगन स्टेट विद्यापीठात ते शिष्यवृत्तीशिवाय खेळायला गेले आणि स्वतःच्या जिद्दीवर संघात शिरले. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात सात वर्षे मुख्य प्रशिक्षक होते. स्टॅनफर्डचा संघ त्यांनी रोझ बाऊल या सर्वांत जुन्या मानाच्या सामन्यापर्यंत नेला. तेथे पोहोचायला त्या संघाला २८ वर्षे लागली होती. नोटर डेमच्या इतिहासात कोणत्याही खेळाचा मुख्य प्रशिक्षक कृष्णवर्णीय असण्याची ती पहिलीच वेळ होती.

आधीच्या वर्षी ५ विजय आणि ६ पराभव अशी अवस्था असलेला संघ त्यांनी हाती घेतला. २००२चे पहिले आठच्या आठ सामने जिंकले. वर्षअखेर हिशेब झाला १० विजय, ३ पराभव. पहिल्याच हंगामात दहा विजय मिळवणारा प्रशिक्षक त्या विद्यापीठाने तोवर पाहिला नव्हता. लोकांनी डोक्यावर घेतले.

दुसऱ्या वर्षी चित्र पालटले. ५ विजय, ७ पराभव. तिसऱ्या वर्षी, २००४ साली, ६ विजय आणि ५ पराभव. त्यात मिशिगन आणि टेनेसी या नामांकित संघांवर मिळवलेले विजय होते. पण घरच्या मैदानावर हातचे गेलेले सामनेही होते. आणि सदर्न कॅलिफोर्नियाच्या संघाने तिन्ही वर्षे ३१-३१ गुणांच्या फरकाने धूळ चारली होती. तसल्या तिसऱ्या पराभवाला तीन दिवस झाले आणि ३० नोव्हेंबर २००४ रोजी विलिंगहॅम यांना काढल्याचे जाहीर झाले. करार सहा वर्षांचा होता, त्यातली तीनच झाली होती.

काढणाऱ्यांनी काय कारण दिले? क्रीडासंचालकांचे म्हणणे असे, की रविवार ते शुक्रवार सगळे काही अपेक्षेपेक्षा सरस आहे, पण शनिवारी आम्ही कमी पडलो. म्हणजे मुलांचा अभ्यास, शिस्त, वागणूक सारे उत्तम. फक्त सामन्याच्या दिवसाचा निकाल मनासारखा नाही. विलिंगहॅम यांनी थयथयाट केला नाही. स्वतःच ठरवलेल्या अपेक्षा आपण पूर्ण करू शकलो नाही, असे सांगून त्यांनी जबाबदारी अंगावर घेतली.

पण विद्यापीठाचे मावळते अध्यक्ष फादर एडवर्ड मॅलॉय यांना हे रुचले नाही. आपल्या अध्यक्षपदाच्या १८ वर्षांत लाज वाटावी असे दोनच दिवस आले, ते म्हणजे हा निर्णय झाला ते दोन दिवस, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. प्रशिक्षकाला पाच वर्षे देण्याची आपली परंपरा आहे आणि ती पाळली जाईल असे आपण धरून चाललो होतो, असेही ते बोलले. संस्थेच्या प्रमुखाने आपल्याच संस्थेबद्दल असे बोलावे, ही साधी गोष्ट नव्हे.

मोजपट्टी कशी वाकते

आता वाचकांनी कागद-पेन्सिल घ्यावी. घरातल्या सातवी-आठवीच्या मुलाला शेजारी बसवावे.

विलिंगहॅम यांच्या आधी तेथे बॉब डेव्ही हे गोरे प्रशिक्षक होते. त्यांना पाच हंगाम मिळाले. हिशेब ३५ विजय, २५ पराभव. १९९९ साली त्यांचाही संघ ५ सामने जिंकून ७ हरला होता. तेव्हा त्यांना काढले नाही, पुढे करार वाढवून दिला. विलिंगहॅम यांचा तीन हंगामांचा हिशेब २१ विजय, १५ पराभव. आता ३५ आणि २५ यांना पाचाने भागा. ७ आणि ५ येतात. २१ आणि १५ यांना तिनाने भागा. तेही ७ आणि ५ च येतात. दोघेही बारा सामन्यांत सात जिंकत होते. काम तसूभरही कमी-जास्त नाही. एकाला पाच वर्षे, दुसऱ्याला तीन.

आणखी मागे जा. १९८१ ते १९८५ या काळात जेरी फॉस्ट तेथे प्रशिक्षक होते. हेही गोरे. कॉलेजच्या संघाला शिकवण्याचा अनुभव नाही, थेट हायस्कूलमधून आणलेले. पाच वर्षांत ३० विजय, २६ पराभव, एक बरोबरी. विलिंगहॅम यांच्यापेक्षा हलका हिशेब. तरी पाचही वर्षे पुरी करू दिली.

आता पुढे या. विलिंगहॅम यांच्या जागी चार्ली वाइस आले. तेही गोरे. कॉलेज संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांना प्रथमच मिळत होते. २००५च्या पहिल्या हंगामात सात सामने झाले, त्यातले पाच जिंकले, दोन हरले. एवढ्यावर विद्यापीठाने त्यांना दहा वर्षांची करारवाढ देऊन टाकली! आणि ते विजय ज्या खेळाडूंच्या जोरावर मिळाले, ते ब्रॅडी क्विनसारखे मुख्य खेळाडू विलिंगहॅम यांनी निवडून आणलेले होते. अर्थात विलिंगहॅम यांचे पहिले आठ विजयही डेव्हींनी निवडलेल्या मुलांच्या बळावर मिळाले होते, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे.

२००७ साली वाइस यांचा संघ ३ सामने जिंकून ९ हरला. एका हंगामात नऊ पराभव नोटर डेमने कधी पाहिले नव्हते. तेव्हा नारळ? नाही. आणखी दोन वर्षे मिळाली. २००९ साली काढले तेव्हा हिशेब होता ३५ विजय, २७ पराभव, म्हणजे विलिंगहॅम यांच्यापेक्षा कमीच. आणि तो लांबलचक करार मोडायचा म्हणून पुढची कित्येक वर्षे विद्यापीठ त्यांना पैसे मोजत राहिले. एकूण रक्कम सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर.

विलिंगहॅम यांना काढताना कोणाच्या मनात रंग होता, हे आम्ही सांगू शकत नाही. मनातले कोणी कागदावर लिहून ठेवत नाही. पण आकडे कागदावर आहेत, आणि ते सारे एकाच बाजूला बोट दाखवतात.

हा एका विद्यापीठाचाही प्रश्न नव्हता. त्या वेळी अव्वल दर्जाची ११७ विद्यापीठे होती. मैदानावर धावणाऱ्या खेळाडूंत निम्म्याच्या आसपास मुले कृष्णवर्णीय. पण विलिंगहॅम गेले आणि त्याच सुमारास आणखी दोघांची पदे गेली तेव्हा मुख्य प्रशिक्षकांत कृष्णवर्णीय उरले फक्त दोन. घाम गाळायला आपली मुले आणि हुकूम द्यायला दुसरे, हे चित्र आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. मुंबईत १९७२ साली आमच्या तरुणांनी संघटनेला पँथर हे नाव दिले, तेही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. तिकडच्या दुःखाशी आमची ओळख जुनी आहे.

दुसरी बाजूही ऐका

पण आपला माणूस म्हणून डोळे झाकून बाजू घेणे हा न्याय नव्हे. म्हणून पुढचेही सांगतो.

नोटर डेमने काढल्यावर काही आठवड्यांतच वॉशिंग्टन विद्यापीठाने विलिंगहॅम यांना बोलावले. तेथील संघ आधीच रसातळाला गेलेला. २००४ साली त्याने ११ पैकी एकच सामना जिंकला होता. विलिंगहॅम यांचे पहिले वर्ष २ विजय, ९ पराभव. दुसरे ५ विजय, ७ पराभव. तिसरे ४ विजय, ९ पराभव. या वेळी मात्र काढा-काढा असा गलका होऊनही विद्यापीठाच्या अध्यक्षांनी त्यांना आणखी एक वर्ष दिले.

ते चौथे वर्ष २००८चे. एका सामन्यात अवघे दोन सेकंद उरले असताना त्यांच्या जेक लॉकर या खेळाडूने गुण मिळवले आणि आनंदाच्या भरात चेंडू हवेत उडवला. पंचांनी त्याबद्दल दंड दिला. त्यामुळे बरोबरी साधून देणारी लाथ लांबून मारावी लागली, ती अडवली गेली आणि सामना एका गुणाने हातचा गेला. पुढे याच लॉकरचा अंगठा मोडला आणि तो उरलेल्या हंगामाला मुकला. शेवटी बारापैकी बाराही सामने हरले. ऑक्टोबरातच विलिंगहॅम यांनी हंगामअखेर जाण्याचे जाहीर केले होते. चार वर्षांत ११ विजय, ३७ पराभव. दुसऱ्या वर्षी नवा प्रशिक्षक आला, लॉकर बरा झाला, आणि बऱ्याचशा त्याच मुलांना घेऊन संघाने पाच सामने जिंकले. म्हणजे केवळ नशिबाला दोष देऊन चालणार नाही.

यावर काही लोक म्हणतात, ‘पाहा, नोटर डेमने ओळखले ते बरोबरच होते.’ आम्हाला हे पटत नाही. वॉशिंग्टनमध्ये विलिंगहॅम यांना चार वर्षे दिली, ती कामी आली नाहीत आणि ते गेले. यात कोणाचीही तक्रार नाही, त्यांचीही नव्हती. पुरेशी मुदत देऊन मग केलेला निवाडा कडू असला तरी गिळता येतो. नोटर डेमचा घास गिळता येत नाही, तो यासाठीच की तेथे इतरांना दिलेली मुदत त्यांना दिली नाही. पुढे काय झाले असते हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून तर मुदत सर्वांना सारखी हवी.

मिसिसिपीतली चार वर्षे

याच काळातले आणखी एक नाव म्हणजे सिल्व्हेस्टर क्रूम. ते अलाबामा विद्यापीठाच्या पहिल्या काही कृष्णवर्णीय खेळाडूंपैकी. २००३ साली अलाबामाचे प्रशिक्षकपद रिकामे झाले तेव्हा त्यांचे नाव चर्चेत होते. पद मिळाले त्यांच्याहून तरुण आणि कमी अनुभवाच्या गोऱ्या माजी खेळाडूला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मिसिसिपी स्टेट विद्यापीठाने क्रूम यांना नेमले. दक्षिणेकडच्या विद्यापीठांची जी मोठी संघटना १९३०च्या दशकापासून चालू आहे, तिच्यातील ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य फुटबॉल प्रशिक्षक. ज्या मिसिसिपी राज्यात १९६२ साली जेम्स मेरेडिथ या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल पेटली होती, त्या राज्यातली ही नेमणूक.

क्रूम यांची पहिली तीन वर्षे: ३ विजय, ८ पराभव. पुन्हा ३ विजय, ८ पराभव. मग ३ विजय, ९ पराभव. पहिल्याच वर्षी मेन विद्यापीठाच्या खालच्या श्रेणीतल्या संघाकडूनही हरले. आधीच्या राजवटीतील नियमभंगाची शिक्षाही डोक्यावर होती. तरी विद्यापीठाने धीर धरला. चौथ्या वर्षी, २००७ साली, त्यांनी स्वतः निवडलेली मुले तयार झाली आणि ८ सामने जिंकले. ज्या अलाबामाने त्यांना डावलले, तिला २००६ आणि २००७ अशी दोन वर्षे लागोपाठ हरवले. त्यांच्या विभागाचे वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून त्यांचा गौरव झाला. २००८ साली पुन्हा घसरण झाली आणि त्यांनी राजीनामा दिला. पण चौथे वर्ष मिळाले नसते, तर मिसिसिपीत कृष्णवर्णीय माणूस संघ उभा करू शकतो हे जगाने पाहिलेच नसते. एकट्याच्या अपयशावर साऱ्या समाजाचे अपयश म्हणून शिक्का मारायला लोक टपलेले असतात. म्हणून पहिल्या माणसाच्या मुदतीला एवढी किंमत.

आताचा उतावळेपणा

हल्ली तर धीर हा शब्दच उरला नाही. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षापासून एक कॉलेज सोडून दुसऱ्यात गेले तरी पूर्वीसारखे वर्षभर बसून राहावे लागत नाही. खेळाडूंच्या दृष्टीने हे योग्यच झाले. इतकी वर्षे त्यांच्या कष्टावर दुसरेच श्रीमंत होत होते. पण त्याचा परिणाम असा, की आता एका वर्षात अर्धाअधिक संघ बदलता येतो, आणि ‘चार वर्षे कशाला, दोन पुरेत’ असे देणगीदार म्हणू लागले. २०२३ साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर यांना काढले आणि करार मोडल्याबद्दल त्यांना साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे मान्य केले. विद्येच्या घरात हा पैसा कोणत्या कामाला लागला असता, हे वाचकांनीच मनाशी ठरवावे.

तर मग अडखळणाऱ्या प्रशिक्षकाला आणखी वेळ द्यावा का? आमचे उत्तर असे. आधी तीन गोष्टी तपासाव्यात. त्याच्या हाती काय सोपवले होते, धडधाकट संघ की मोडका? तो स्वतःच्या चुका पाहून बदलतो आहे का, जसे बीमर बदलले? आणि त्याची मुले माणूस म्हणून, विद्यार्थी म्हणून वर येत आहेत का? ही तीन उत्तरे बरी असतील तर चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत थांबावे. बरी नसतील तर रडत-कुढत ओढू नये, सन्मानाने निरोप द्यावा. पण सर्वांत आधी एक अट: मुदत नेमताना सांगावी, आणि जी आधीच्याला दिली तीच याला द्यावी. दया नको, उपकार नको. तेच माप लावा म्हणजे झाले.

वीस वर्षांनी

याच नोटर डेमने २०२१च्या डिसेंबरात मार्कस फ्रीमन यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. वडील कृष्णवर्णीय, आई कोरियन. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांचे पहिले तिन्ही सामने हातचे गेले. त्यातला एक तर मार्शल विद्यापीठाच्या लहानशा संघाविरुद्ध, घरच्या मैदानावर. जुने दिवस असते तर कुजबुज सुरू झालीच असती, आणि ती झालीही. संस्थेने या वेळी थांबायचे ठरवले. २०२४च्या सप्टेंबरात, म्हणजे तिसऱ्या हंगामात, पुन्हा तसेच घडले. नॉर्दर्न इलिनॉय या दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघाने त्यांना घरातच हरवले. विलिंगहॅम यांनाही तिसऱ्याच हंगामात काढले होते, हे लोकांना आठवले असेल.

फ्रीमन यांना काढले नाही. त्या पराभवानंतर त्यांच्या संघाने सलग तेरा सामने जिंकले आणि राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम लढतीत धडक मारली. त्या लढतीपर्यंत संघ नेणारे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरले. लढत झाली २० जानेवारी २०२५ रोजी. तो दिवस मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ असलेल्या राष्ट्रीय सुट्टीचा होता. ओहायो स्टेटने त्यांना ३४ विरुद्ध २३ गुणांनी हरवले. विजेतेपद हुकले, पण एक गोष्ट सिद्ध झाली. वीस वर्षांपूर्वी जे माप एका माणसाला नाकारले गेले, ते दुसऱ्याला मिळाले तेव्हा तो कुठवर पोहोचू शकतो हे सर्वांनी पाहिले.

विलिंगहॅम यांनी वॉशिंग्टन सोडल्यावर पुन्हा कोणत्याही कॉलेजचे मुख्य प्रशिक्षकपद सांभाळले नाही. नोटर डेमबद्दल त्यांनी चव्हाट्यावर धुणी धुतली नाहीत. २०१३ साली राष्ट्रीय विजेतेपदासाठी संघ निवडणारी समिती प्रथमच नेमली गेली, तेव्हा तिच्यात त्यांना मानाने बसवले गेले.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरातही रोज असे निवाडे होत असतात. दहावीला एकदा अडखळलेला मुलगा, नव्या कामावर हात न बसलेली मुलगी, पहिल्यांदाच मंडळाचा चिटणीस झालेला तरुण. त्यांना किती वेळ द्यायचा हे आपल्याच हाती असते. थोरल्याला दोन वेळा परीक्षेला बसू दिले असेल, तर धाकटीला पहिल्याच नापासावर शाळेतून काढू नका. जगाने आपल्याला वाकडी मोजपट्टी लावली म्हणून आपण रागावतो. निदान आपल्या उंबऱ्याच्या आत ती सरळ असू द्या.